माशीच्या नाकावर आयुष्य घालवणाऱ्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज आणि जेलीफिशकडून मिळालेला हिरवा उजेड

केळी दोन दिवस जास्त घरात राहिली की त्यांच्यावर बारीक चिलटं जमतात. केळी जळगाव जामोद-संग्रामपूर पट्ट्यातल्या बागेतली असोत की बुलढाण्याच्या बाजारातून आणलेली, चिलटं येतातच. खिडकी बंद, दार बंद, तरी ही येतात कुठून, हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी पडलेला असतो.

उत्तर सोपं आहे. ती वासावर येतात. पिकून आंबायला लागलेल्या फळाचा वास त्यांना लांबून कळतो.

पण मोहरीच्या दाण्यापेक्षाही लहान असलेल्या मेंदूला वास कळतो कसा? केळ्याचा वास वेगळा, बदामाचा वेगळा, हा फरक त्या इवल्याशा डोक्यात नेमका कुठं होतो?

हा प्रश्न मुंबईत कुलाब्याच्या टोकाला बसून एका बाईंनी विचारला आणि आयुष्यभर त्याचा पिच्छा सोडला नाही. त्यांचं नाव व्हेरोनिका रॉड्रिग्ज. चेतापेशींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये हे नाव जगभर ओळखीचं आहे. महाराष्ट्रात मात्र ते फारसं कुणाच्या कानावर नसतं.

मूळ गोव्याचं, जन्म केनियात

व्हेरोनिका यांचा जन्म १९५३ चा, केनियातला. आईवडील मूळचे गोव्याचे. त्या काळी गोव्यातली अनेक कुटुंबं कामधंद्यासाठी पूर्व आफ्रिकेत स्थायिक झाली होती. नैरोबी, मोम्बासा, कम्पाला इथल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये आणि रेल्वेत गोव्याची माणसं मोठ्या संख्येनं नोकरीला होती. व्हेरोनिका यांचं शालेय शिक्षण नैरोबीत झालं.

पुढच्या शिक्षणासाठी त्या शेजारच्या युगांडातल्या मेकेरेरे विद्यापीठात गेल्या. पण वेळ वाईट होती. युगांडात इदी अमीनची हुकूमशाही होती. १९७२ मध्ये त्यानं देशातल्या आशियाई लोकांना ९० दिवसांत निघून जायचा हुकूम काढला. हजारो भारतीय कुटुंबांना घरदार आणि दुकानं सोडून बाहेर पडावं लागलं. अशा वातावरणात शिक्षण कसलं होणार?

व्हेरोनिका आयर्लंडला गेल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधून १९७६ मध्ये त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेतली.

आता इथं गोष्ट वळण घेते. त्या काळात भारतातली हुशार मुलं विज्ञान शिकायला युरोप-अमेरिकेत जायची. व्हेरोनिका यांनी उलटा प्रवास केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, ओबेद सिद्दिकी नावाचे शास्त्रज्ञ काम करायचे. त्यांचं संशोधन व्हेरोनिका यांच्या वाचनात आलं आणि त्यांनी सिद्दिकींना पत्र लिहिलं. जन्म केनियाचा, पदवी आयर्लंडची, आणि पीएचडीसाठी निवडलं गाव मुंबई.

सिद्दिकींची प्रयोगशाळा आणि माश्यांच्या बाटल्या

टीआयएफआर तशी भौतिकशास्त्र आणि गणितासाठी प्रसिद्ध. पण १९६२ मध्ये होमी भाभांनी तिथं रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला आणि तो उभा करायला सिद्दिकींना बोलावलं. सिद्दिकी आधी जिवाणूंच्या जनुकांवर काम करत. पुढं अमेरिकेत सेमूर बेन्झर यांच्यासोबत काम करताना ते फळमाशीकडे वळले.

ही फळमाशी म्हणजेच आपल्या केळ्यांवरची चिलटं. शास्त्रीय नाव ड्रोसोफिला. आंब्यात किंवा पेरूत अळ्या पाडणारी, शेतकऱ्यांना नकोशी झालेली फळमाशी वेगळी. तिचा इथं संबंध नाही.

शास्त्रज्ञांना ड्रोसोफिला इतकी का आवडते? ती स्वस्त आहे. एका बाटलीत मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगार यांचं खाद्य टाकलं की शेकडो माश्या सुखानं राहतात. अंड्यापासून पूर्ण वाढलेली माशी व्हायला साधारण १० दिवस पुरतात. म्हणजे वर्षभरात कितीतरी पिढ्या बघायला मिळतात. शिवाय तिची बरीच जनुकं माणसाच्या जनुकांशी मिळतीजुळती आहेत.

बेन्झर आणि सिद्दिकी यांची पद्धत अशी होती. माशीचा एखादा जनुक बिघडवायचा आणि मग तिच्या वागण्यात काय बिघडतं ते पाहायचं. घरातला एकेक फ्यूज काढून कोणत्या खोलीतला दिवा गेला हे बघतात, तसंच काहीसं.

व्हेरोनिका यांनी याच पद्धतीनं वास आणि चव यांचा माग काढायचं ठरवलं. त्यांनी इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटा फुटणारी नळी वापरली. एका फाट्यातून वास सोडायचा, दुसऱ्यातून साधी हवा. माश्या कुठल्या बाजूला जातात ते मोजायचं. जनुकात बदल झालेल्या माश्यांच्या शेकडो जाती अशा तपासायच्या. त्यातली एखादी वासाकडे दुर्लक्ष करते का, ते शोधायचं.

हे काम चिकाटीचं. दिवसभर माश्या मोजा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. पण त्यातून हाती लागलं ते महत्त्वाचं होतं. १९७८ मध्ये व्हेरोनिका आणि सिद्दिकी यांनी वास आणि चव ओळखण्यात गडबड असलेल्या माश्यांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. वासाच्या जनुकशास्त्रातल्या जगातल्या सुरुवातीच्या कामांपैकी हे एक. काही माश्यांना एका प्रकारचा वास कळायचा नाही, पण बाकीचे वास व्यवस्थित कळायचे. १९८१ मध्ये साखरेच्या एका विशिष्ट गटाची चव ओळखण्यातच दोष असलेली माशी त्यांनी दाखवली.

याचा अर्थ मोठा होता. वास आणि चव म्हणजे सरसकट एकच यंत्रणा नाही. वेगवेगळ्या वासांसाठी वेगवेगळे दरवाजे आहेत आणि प्रत्येक दरवाज्यामागे जनुकं आहेत. वास ओळखणाऱ्या जनुकांचा मोठा समूह सस्तन प्राण्यांमध्ये सापडला तो १९९१ मध्ये. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सेल यांच्या त्या शोधाला २००४ मध्ये नोबेल मिळालं. माशीतली वासाची जनुकं तर १९९९ मध्ये हाती लागली. मुंबईतल्या माश्या त्याच्या दोन दशकं आधीच त्या दिशेनं बोट दाखवत होत्या.

अडचण एकच, दिसत काहीच नव्हतं

वागण्यावरून अंदाज बांधता येतो. पण वासाची बातमी मेंदूत कुठं पोहोचते, हे पाहायचं कसं?

पीएचडीनंतर व्हेरोनिका जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत गेल्या. तिथं एरिक बुखनर यांच्यासोबत त्यांनी एक युक्ती वापरली. काम करणाऱ्या चेतापेशीला जास्त साखर लागते. म्हणून माशीला किरणोत्सारी साखर द्यायची. ही साखर पेशी आत ओढून घेते, पण पचवू शकत नाही, त्यामुळं ती तिथंच अडकून राहते. मग माशीला वास द्यायचा, नंतर तिच्या मेंदूचे पातळ काप करायचे आणि ते फोटोच्या फिल्मसारख्या थरावर ठेवायचे. जिथं जास्त साखर साचली, तिथं काळे ठिपके उमटतात.

माशी वास घेते ती डोक्यावरच्या मिशांनी. मिशांमधल्या सुमारे १,२०० चेतापेशींच्या तारा मेंदूच्या पुढच्या भागात येतात. तिथं सुमारे ५० छोटे गोळे आहेत. त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. व्हेरोनिका आणि बुखनर यांचा निबंध १९८४ मध्ये आला. वास बदलला की कामाला लागणारे गोळेही बदलतात, असं या ठिपक्यांमधून दिसलं. मेंदूत वासाचा नकाशा असतो, ही कल्पना फळमाशीत इतक्या लवकर तपासली गेली ती इथं.

पण ही पद्धत किती तोकडी होती बघा. माशी मारावी लागायची. काप करावे लागायचे. ठिपका दिसायचा, पण तो कुठल्या पेशीचा हे सांगता यायचं नाही. अनेक पेशी एकमेकींत गुंतलेल्या, त्यातली एकच तार सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायची सोय नव्हती.

जर्मनीतून व्हेरोनिका टीआयएफआरमध्ये परतल्या आणि तिथंच त्यांनी स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. पुढची काही वर्षं त्या हाच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी पोखरत राहिल्या. मिशांमधल्या चेतापेशी जन्माला कशा येतात? त्यांना आपल्या गोळ्यापर्यंतची वाट कशी सापडते?

तेवढ्यात जेलीफिश मदतीला आला

इन्स्टाग्रामवर काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या धाग्यांचं जाळं चमकतंय असे मेंदूचे फोटो तुम्ही पाहिले असतील. ती सगळी कृपा एका जेलीफिशची.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर मिळणाऱ्या एका जेलीफिशच्या कडा हिरव्या चमकतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओसामु शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञानं हजारो जेलीफिश गोळा करून त्यातून एक प्रथिन वेगळं केलं. त्याच्यावर निळा किंवा अतिनील प्रकाश टाकला की ते हिरवा प्रकाश परत देतं. हेच ते हिरवं फ्लुरोसंट प्रथिन, जगभर जीएफपी या नावानं ओळखलं जाणारं.

बरीच वर्षं ते एक गंमत म्हणूनच राहिलं. १९९२ मध्ये डग्लस प्रॅशर यांनी त्याचा जनुक वेगळा केला. मग मार्टिन चॅल्फी यांनी तो जनुक एका बारीक पारदर्शक जंतात घातला. १९९४ च्या फेब्रुवारीत त्या जंताचा फोटो प्रसिद्ध झाला. जंत जिवंत होता आणि स्पर्श ओळखणाऱ्या त्याच्या चेतापेशी हिरव्या चमकत होत्या. म्हणजे या प्रथिनाची जगाला जी मोठी ओळख झाली, तीच मुळी चेतापेशींच्या निमित्तानं. रॉजर त्सिएन यांनी पुढं त्याचे वेगवेगळे रंग तयार केले. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चॅल्फी आणि त्सिएन या तिघांना मिळालं.

यात क्रांती कसली? आधी पेशी पाहायची तर मेलेल्या ऊतीला बाहेरून रंग द्यावा लागायचा. आता पेशीला स्वतःचाच दिवा स्वतः तयार करायला सांगता येत होतं. जिवंतपणी.

फळमाशीवाल्यांकडे तर आणखी एक हत्यार होतं. १९९३ मध्ये अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरीमन यांनी जनुकांसाठी बटण आणि बल्बसारखी व्यवस्था प्रसिद्ध केली. एका माशीत बटण, दुसऱ्या माशीत बल्ब. दोघींचं लग्न लावलं की पिल्लांमध्ये फक्त हव्या त्या पेशींत दिवा लागतो. त्या बल्बच्या जागी जीएफपी बसवला की काम झालं.

१९९९ मध्ये त्याहून बारीक पद्धत आली, तिचं नाव मार्कम. ती समजायला लोडशेडिंग आठवा. अख्खं गाव अंधारात आणि एकाच कुटुंबाच्या घरात दिवा. मग ते घर कुठं आहे, त्याची वाट कुठून कुठं जाते, हे लांबूनही स्पष्ट दिसतं. मार्कममध्ये बाकी सगळ्या चेतापेशी काळ्या राहतात आणि एकाच मूळ पेशीपासून जन्मलेल्या पेशी हिरव्या दिसतात.

जुना प्रश्न, नवा उजेड

नवं तंत्र आलं की त्याच्यासाठी प्रश्न शोधत फिरणारे पुष्कळ असतात. व्हेरोनिका यांच्याकडे प्रश्न आधीच तयार होता. तोही जवळपास २० वर्षं मुरलेला. त्यामुळं हिरवा दिवा हाती आल्यावर त्यांना विचार करत बसावं लागलं नाही.

त्यांच्या गटानं १९९७ मध्ये दाखवलं की अटोनल नावाचा जनुक मिशांवरच्या वास घेणाऱ्या काही केसांच्या जन्मासाठी गरजेचा आहे. २००२ मध्ये त्याच्या पुढचा टप्पा आला. अटोनलच्या वंशातल्या चेतापेशी मेंदूकडे आधी जातात आणि मागून येणाऱ्यांसाठी वाट पाडतात. या वाटाड्या पेशी नसतील तर मेंदूतले गोळे नीट तयार होत नाहीत.

मग प्रत्येक तारेला आपला गोळा कसा सापडतो? २००४ च्या त्यांच्या निबंधात याचं एक उत्तर मिळालं. चेतापेशींच्या टोकांवर रोबो कुळातली प्रथिनं असतात. ती समोरून येणारा लांब राहा असा रासायनिक इशारा ओळखतात. कुठल्या पेशीवर कुठला रोबो आहे, यावर ती तार मेंदूत कुठपर्यंत जाऊन थांबणार हे ठरतं.

२००८ मध्ये त्यांच्या गटानं मार्कम वापरून आणखी एक गोष्ट दाखवली. वासाची बातमी मेंदूच्या पुढच्या भागात नेणाऱ्या पेशी आणि ती बातमी तिथल्या तिथं कमी-जास्त करणाऱ्या स्थानिक पेशी यांची कामं एकदम वेगळी. पण त्यातल्या काही एकाच आईच्या पोटी जन्मतात, म्हणजे एकाच मूळ पेशीपासून तयार होतात. या कुटुंबाची ओळख ठरवणाऱ्या जनुकाचे भाऊबंद माणसासह सस्तन प्राण्यांच्या मेंदूच्या घडणीतही काम करतात.

आता कुणी म्हणेल, माशीच्या डोक्यातल्या तारा मोजून आपल्याला काय मिळालं? प्रश्न रास्त आहे, कारण हे संशोधन सरकारी पैशातून होतं. उत्तर असं. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत आणि त्या गर्भात असताना आपापल्या जागी नीट जोडल्या जाव्या लागतात. ही जोडणी चुकली तर आयुष्यभराचे आजार मागं लागू शकतात. रोबोसारखी प्रथिनं माशीत आहेत तशी माणसातही आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूत जनुक बिघडवून पाहता येत नाही. माशीत येतं.

आजारपण आणि शेवटचं काम

व्हेरोनिका टीआयएफआरच्या जीवशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. नंतर त्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात, एनसीबीएसमध्ये गेल्या. ही संस्था टीआयएफआरचीच शाखा आणि तिचे संस्थापक संचालक होते त्यांचे गुरू सिद्दिकी. तिथले त्यांचे सहकारी के. विजयराघवन पुढं भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले.

याच काळात व्हेरोनिका यांना कर्करोगानं गाठलं. आजार काही वर्षं चालला. त्या काळातही त्यांचे विद्यार्थी, निबंध आणि प्रयोग चालूच राहिले. २००८ चा तो निबंध याच वर्षांमधला.

शेवटच्या मोठ्या कामाचा विषय आपल्या सगळ्यांच्या अनुभवातला होता. गोठ्यात पहिल्यांदा गेलं की वास नाकात भरतो. अर्ध्या तासानं तो जाणवेनासा होतो. रोज तिथं वावरणाऱ्याला तर तो कळतही नाही. हे होतं कसं? नाक थकतं का?

व्हेरोनिका यांचा गट आणि मणी रामस्वामी यांचा गट यांनी मिळून हे माश्यांमध्ये तपासलं. माश्यांना काही वेळ किंवा सलग ४ दिवस एकच वास दिला की त्या त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतात. पण नाक थकलेलं नसतं. मेंदूतल्या स्थानिक पेशी त्या वासाची बातमी पुढं जाताना जास्त जोरानं दाबायला लागतात. म्हणजे सवय होणं हासुद्धा शिकण्याचाच एक प्रकार आहे. रामस्वामी यांची प्रयोगशाळा होती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये. व्हेरोनिका जिथून पदवी घेऊन मुंबईला आल्या होत्या, तेच हे कॉलेज.

हा निबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. तो छापून आलेला व्हेरोनिका यांना पाहता आला नाही. १० नोव्हेंबर २०१० रोजी त्यांचं निधन झालं होतं. वय होतं ५७.

पुढं काय झालं

ओबेद सिद्दिकी २०१३ मध्ये गेले. फळमाशीचं काम मात्र थांबलं नाही. २०२४ मध्ये पूर्ण वाढलेल्या माशीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात जवळपास १ लाख ४० हजार चेतापेशी आणि त्यांच्यातल्या कोट्यवधी जोडण्या आहेत. हा नकाशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या फोटोंवरून तयार झाला. पण त्यातली कुठली पेशी नेमकं काय काम करते, हे तपासायला शास्त्रज्ञ आजही हिरव्या, लाल, पिवळ्या प्रथिनांचे दिवेच लावतात.

महाराष्ट्रात हे काम टीआयएफआरमध्ये चालू आहे. पुण्याच्या आयसर आणि आघारकर संशोधन संस्थेतही फळमाशीवर संशोधन होतं. बुलढाण्यात किंवा खामगावात बीएस्सी करणाऱ्या मुलामुलींसाठी या वाटा उघड्या आहेत. माश्या पाळायला लागणारं मक्याचं पीठ तर आपल्याच शेतातलं. महाग असतो तो सूक्ष्मदर्शक, आणि तो या संस्थांमध्ये आहे. व्हेरोनिका यांनी सुरुवात केली तेव्हा मात्र त्यांच्याकडे होती फाटा फुटलेली एक काचेची नळी आणि माश्यांच्या बाटल्या.